शाळेने मुलाची बुद्ध्यांक चाचणी करून आणायला सांगितली, आकडा आला ७९. आता काय करावं?

चोपडेकरीण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम. मी माहेरची नाशिकची, पण घरात सासू-सासरे, दीर-जाऊ सगळे अहिराणी बोलतात आणि लेकही तीच बोलतो. दिवाळीनंतर बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "वर्गाबरोबर येत नाही, फळ्याकडे बघत बसतो, विचारलं तर बोलत नाही. आयक्यू करून आणा." आम्ही एका खाजगी केंद्रात नेलं. त्यांनी टॅबवर चाळीस मिनिटं काहीतरी सोडवून घेतलं, सगळं इंग्रजीत. शेवटी त्याला हो-नाहीचे प्रश्न वाचायला दिले. हातात एक पान मिळालं: बुद्ध्यांक ७९, सीमारेषेवर. खाली "स्वभाव: अंतर्मुख, हट्टी, आत्मविश्वास कमी".

ते पान पाहून शाळा म्हणते, पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.

हाच मुलगा शेतात आजोबांबरोबर गेला की ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह उघडल्यावर केळीच्या कोणत्या ओळींना पाणी जातं ते न चुकता सांगतो. बागेत अकरा व्हॉल्व्ह आहेत. माझ्या नवऱ्याला अजून नीट लक्षात नाहीत. गेले पंधरा दिवस मला झोप नाही. हा आकडा खरा मानायचा का? परत चाचणी करायची का? की करायचीच नाही?

केळीवाला_रावेर
ताई, पहिलं काम ते पान कपाटात ठेवा आणि पोराला त्यातलं काही कळू देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील.

निवृत्त_गुरुजी
चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पारोळा, अमळनेर, शेवटी धरणगाव. एकाही मुलाची चाचणी केली नाही. कोण मंद, कोण हुशार, कोण उपाशी आलाय, कोणाचा बाप रात्री पिऊन आला होता, हे शिक्षकाला पहिल्या आठवड्यात कळतं. हे आकडे म्हणजे पोराच्या कपाळावर गोंदणं. एकदा गोंदलं की पुसत नाही. माझं स्पष्ट मत: करू नका.

भुसावळ_जंक्शन
गुरुजी, तुमचा मान राखून असहमत. आमचा अनुभव सांगतो.

मुलगी पाच वर्षांची होती, मोठ्या शिशूत. "लक्ष नाही, सांगितलेलं ऐकत नाही, उशिरा बोलायला लागली," सगळे हेच म्हणायचे. माझी आई म्हणायची, वडिलांवर गेलीय. शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेलं. ठोकळे मांडून झाले, चित्रं झाली. मग बाईंनी हातातला कागद सहज स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "लाल ठोकळा दे." पोर नुसती बघत राहिली. कागद खाली केला, तेच वाक्य पुन्हा म्हटलं, लगेच दिला. दोन-तीन वेळा तसंच करून पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चाचणी आज इथेच थांबवते. आधी कान तपासा."

दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं. पोर दीड-दोन वर्षं ओठ वाचत होती आणि आम्ही तिला ओरडत होतो. पडद्यात बारीक नळ्या बसवल्या, सहा महिन्यांत बोलणं सुधारलं. आता चौथीत आहे.

तेव्हा चोपडेकरीणताई, बुद्ध्यांक राहू द्या बाजूला, कान आणि डोळे तपासलेत का?

चोपडेकरीण
@भुसावळ_जंक्शन, वाचून अंगावर काटा आला. डोळे तपासलेत, कान नाही. याच आठवड्यात नेते.

अमळनेरची_लेक
आमच्या सोसायटीत एका माणसाने बोटांचे ठसे घेऊन मुलांचा बुद्ध्यांक, स्वभाव, दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची, सगळं सांगितलं. साडेचार हजार घेतले. गुळगुळीत कागदाची मोठी फाईल देतात. ते कसं असतं? धागाकर्तीने ते करून पाहावं का?

मनोमापन_धुळे
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, धुळ्यात काम करते. आधी ठशांचं. कृपया एक रुपयाही देऊ नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांचा मुलाच्या आकलनाशी, स्मरणाशी किंवा करिअरशी संबंध कोणीही दाखवून दिलेला नाही. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही याला शास्त्रीय आधार नाही, असं जाहीरपणे सांगितलं आहे.

आता मूळ प्रश्न. जरा सविस्तर लिहिते.

फ्रेंच सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. शाळा सक्तीची झाली होती, सगळ्या थरांतली मुलं वर्गात येऊ लागली होती, आणि कोणाला जादा मदत लागेल हे ओळखायचं होतं. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पहिली मोजपट्टी दिली ती त्यासाठी. शिक्षकाच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य ठरू नये, हा त्यामागचा विचार होता. गुरुजी, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलं, कारण सगळेच शिक्षक तुमच्यासारखे नसतात. बुद्धी जन्माला येताना ठरते आणि वाढत नाही, या समजाला खुद्द बिने यांनीच १९०९ साली कडाडून विरोध केला होता. ते १९११ मध्ये गेले. नंतर अमेरिकेत हीच चाचणी बोटीतून उतरणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांना "मंदबुद्धी" ठरवायला वापरली गेली. चोपड्याच्या मुलाबाबत आज जे झालं, ते शंभर वर्षांपूर्वी झालेल्या त्याच चुकीचं छोटं रूप आहे.

आपल्याकडेही भाषेचा विचार लवकर झाला होता. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. आजही सरकारी रुग्णालयांत "बिने-कामत" सर्रास वापरतात. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी भारतीय मुलांसाठी आणली. तिला आम्ही मिसिक म्हणतो, वय सहा ते सोळाच्या आतलं. तिच्यात शाब्दिक भाग वेगळा आणि कृतीचा भाग वेगळा. शब्दांचे अर्थ, साम्य, तोंडी गणितं एकीकडे. ठोकळ्यांची नक्षी, चित्रातली उणीव, तुकडे जोडणं, भूलभुलैया दुसरीकडे. डॉ. भाटियांची १९५५ ची चाचणी तर हाताने करायच्या कृतींवरच उभी आहे, पण ती अकरा वर्षांपुढच्यांसाठी.

आता आकडा. सरासरी १०० धरलेली असते. दर १०० मुलांपैकी साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ मध्ये बसतात, ७० च्या खाली दोन-एक. आकडा एकटा कधीच बोलत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा गुणांची वर-खाली धरायचीच असते. ७९ म्हणजे "साधारण ७३ ते ८५ च्या मध्ये कुठेतरी", आणि तेही चाचणी योग्य भाषेत, योग्य माणसाने, मूल ताजंतवानं असताना घेतली असेल तर.

तुमच्या पानावर चाचणीचं नाव आहे का? कोणत्या भाषेत घेतली ते लिहिलंय का? शाब्दिक आणि कृतीचे गुण वेगळे दिलेत का? मूल कसं वागलं, थकलं का, घाबरलं का, याच्या चार ओळी आहेत का? खाली सही कोणाची, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा (आमच्यासारख्या तज्ज्ञांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक आहे का?

चोपडेकरीण
ताई, यातलं काहीच नाही. एक रंगीत अर्धवर्तुळ आहे, त्यात काटा ७९ वर आहे. आणि केंद्राचा शिक्का.

मनोमापन_धुळे
मग तो अहवाल नव्हे. बाजूला ठेवा.

खान्देशी_तडका
माझ्या मुलाचा १३२ आला होता. आम्ही आख्ख्या गल्लीला शेवभाजी खाऊ घातली 😀 जुनी चाचणी होती पण, काकांच्या ओळखीच्या एका सरांनी घेतली. प्रश्न आठवतात अजून, चोपडेकरीणताईंना कामाला येतील. पहिला असा होता, [मजकूर काढला: संपादक]

मनोमापन_धुळे
संपादकांचे आभार. @खान्देशी_तडका, तुमचा हेतू चांगला आहे, कळतं मला. पण चाचणीतले प्रश्न कृपया कुठेही लिहू नका. मुलाने उत्तरं पाठ केली की ती चाचणी त्याच्यापुरती मेली. खरोखर मदत लागणारं मूल पाठ केलेल्या गुणांमुळे चाळणीतून निसटतं आणि दोन वर्षं आणखी मागे पडतं.

आणि १३२ बद्दल: जगभर पिढीगणिक कच्चे गुण वाढत आलेत, दशकाला साधारण तीन गुण. त्यामुळे जुन्या मोजपट्टीवर आजचं मूल मापलं तर आकडा फुगलेला दिसतो. मुलगा हुशार असेलच, त्यात शंका नाही. फक्त त्या आकड्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

खान्देशी_तडका
पटलं. तो आता अकरावीत आहे, नापास झाला की मीच म्हणतो, "तुझा तर १३२ होता." आजपासून बंद.

सातपुडा_मास्तर
मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो. माझ्या वर्गात पावरी बोलणारी मुलं. मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी.

एकदा कोणाला जादा मदत लागेल त्याच्या चाळणीसाठी चित्रं आली होती. एका चित्रात फ्रीज, एकात लिफ्ट. चित्रात काय चुकलंय ते सांगायचं. मुलं गप्प. ज्या वस्तूला कधी हात लागला नाही, तिच्यात काय कमी आहे ते कसं सांगणार? घेणाऱ्या सरांनी "प्रतिसाद नाही" लिहिलं आणि पुढे गेले.

पण दुसरी बाजू पण सांगतो, कारण ती माझ्या मनाला जास्त टोचते. त्याच वर्गात एक मुलगा होता. पहिलीपासून काही येत नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, भाषेमुळे, घरी कोणी शिकलेलं नाही, येईल हळूहळू. पाचवीत जिल्हा रुग्णालयाच्या शिबिरात त्याची त्याच्या बोलीत, दुभाष्या घेऊन, नीट तपासणी झाली. त्याला खरंच बौद्धिक अक्षमता होती. अंघोळ, बटण, पैसे ओळखणं, या गोष्टींतही तो चार वर्षांच्या मुलाइतकाच होता, आणि भाऊ-बहिणी त्याच घरात, त्याच भाषेत वाढून ठणठणीत. प्रमाणपत्र झालं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मिळायच्या सवलती मिळाल्या. पण पाच वर्षं गेली. ती आमच्या चांगुलपणाने घालवली.

म्हणून "आपली मुलं जंगल ओळखतात, त्यांना चाचणी कशाला" असं कोणी म्हटलं की मी वाद घालतो. जंगल ओळखणाऱ्यालाही भागाकार आला पाहिजे, आणि येत नसेल तर का येत नाही ते कोणीतरी शोधलं पाहिजे.

निवृत्त_गुरुजी
मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याही वर्गात असा एक होता, १९८८ साली. सहावीत शाळा सोडली. मी त्याला मागच्या बाकावर बसवून गाणी म्हणायला लावायचो, आवाज गोड होता. अजूनही गावात गेलो की भेटतो, पाया पडतो. त्याच्यासाठी आणखी काही करता आलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

जळगावची_आई
माझं उलट. मुलगी बोलण्यात चुरूचुरू, लिहायला दिलं की अक्षरं उलटी. "आळशी", "चंट" सगळं ऐकून झालं. साडेनऊ वर्षांची असताना चाचण्या झाल्या, तीन बैठका. बुद्ध्यांक १०८ निघाला आणि वाचन दुसरीच्या पातळीचं. दोन आकड्यांमधली ती दरी दिसल्यावर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी झाली. म्हणजे बुद्ध्यांक चाचणीनेच आम्हाला सांगितलं की ती "ढ" नाही. प्रमाणपत्रासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागल्या, रात्रीच्या गाडीने जायचो. पण दहावीला जादा वेळ मिळाला, स्पेलिंगच्या चुकांचे गुण कापले नाहीत. ६८ टक्के मिळाले. माझ्यासाठी ते सोन्याचे.

केळीवाला_रावेर
स्वभावाच्या चाचणीबद्दल कोणी बोलेना. आठ वर्षांच्या पोराला "हट्टी" असा शिक्का मारायचा? हट्टी नसलेलं आठ वर्षांचं पोर आमच्या तालुक्यात तरी मी पाहिलं नाही.

मनोमापन_धुळे
बरोबर मुद्दा काढलात. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या असतात, आठ ते बारा वयासाठीही आहेत. पण त्या मुलाने स्वतः वाचून, समजून उत्तरं द्यायची असतात. जे मूल इंग्रजी वाक्य अडखळत वाचतं, ते न कळलेल्या प्रश्नावर "हो" म्हणून मोकळं होतं. अशा दहा "हो"मधून "आत्मविश्वास कमी" निघतो.

लहानांसाठी आम्ही बहुधा चित्रं वापरतो. बेलाक यांची १९४९ ची दहा चित्रं आहेत, सगळी प्राण्यांची, तीन ते दहा वयाच्या मुलांसाठी. मुलं माणसांपेक्षा प्राण्यांबद्दल मोकळं बोलतात, ही त्यामागची कल्पना. मूल गोष्ट सांगतं, आपण ऐकायचं. पण त्यावरून कोणी "हा मुलगा असा आहे" असा निकाल देत असेल तर सावध व्हा. त्या चित्रांचा उपयोग बोलतं करायला होतो, माप घ्यायला फारसा नाही.

राहता राहिला "अंतर्मुख". न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या दांपत्याने १९५६ पासून काही मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यांत साधारण १५ टक्के मुलं "उशिरा रुळणारी" निघाली. नवी जागा, नवा माणूस दिसला की आधी मागे सरकणारी, वेळ दिला की छान मिसळणारी. हा आजार नाही, दोषही नाही. अशा मुलाला अनोळखी खोलीत टॅबसमोर बसवलं तर पहिली पंधरा मिनिटं तो फक्त खोली बघत असतो, आणि त्या पंधरा मिनिटांचेही गुण कापले जातात.

अमळनेरची_लेक
हे वाचून मलाच माझं लहानपण कळलं. धन्यवाद.
अवांतर: शेवभाजीचा विषय कोणी काढला? आता रात्री साडेअकराला पुण्यात कुठे शोधू?

खान्देशी_तडका
पुण्यात मिळते ती शेवभाजी नव्हे. जानेवारीत या, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, आमच्या मळ्यात.

भुसावळ_जंक्शन
मळ्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा 😀

रेल्वेगेट
एक कायद्याची गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि प्रवेश देताना मुलाची चाचणी घेणंही बेकायदा आहे. "दुसरी शाळा बघा" हे तोंडी म्हणतात, लेखी कधी देत नाहीत. ताई, लेखी मागा.

चोपडेकरीण
सगळ्यांना नमस्कार. अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय. ज्यांनी व्यनि करून चौकशी केली त्यांचे खूप आभार.

कान तपासले, दोन्ही व्यवस्थित.

मग धुळ्याला नेलं. इथल्या ताईंकडे नाही, त्यांनीच सुचवलेल्या दुसऱ्या बाईंकडे, म्हणजे ओळखीचा प्रश्न नको. दोन दिवस, दीड-दीड तास. पहिल्या दिवशी मुलगा दाराशीच माझा पदर धरून उभा. बाई खुर्चीवरून उठल्या, खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ये, बठ आठे. तुनं नाव काय शे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या गणवेशात असताना कोणी मोठ्या माणसाने त्याच्याशी अहिराणीत बोललेलं त्याला माहीतच नव्हतं. पदर सुटला.

मी बाहेर बसले होते. दाराच्या फटीतून ठोकळ्यांचा आवाज येत होता आणि मध्येच त्याचा हसण्याचा.

अहवाल सहा पानांचा आहे. मिसिक घेतली. कृतीचा भाग ९८, शाब्दिक ७५. बाईंनी स्पष्ट लिहिलंय की शाब्दिक भाग मराठीत घेऊन, अडलं तिथे अहिराणीत समजावलं, चाचणी त्या बोलीसाठी प्रमाणित नाही, म्हणून तो आकडा अंदाज समजावा आणि दोन्हींची सरासरी काढून एक आकडा देणं योग्य नाही. एकच आकडा त्यांनी दिलेलाच नाही. ठोकळ्यांच्या नक्षीत तो वयाच्या बराच पुढे आहे. मी व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "तेच तर ठोकळ्यांत दिसलं."

पण सगळं गोड नाही. ऐकलेले आकडे लक्षात ठेवून परत सांगण्यात तो खरंच मागे आहे, भाषा कोणतीही असो. एका वेळी तीन सूचना दिल्या की तिसरी गळते. बाईंनी लिहिलंय: एका वेळी एकच सूचना, फळ्यावर लिहिलेली. वाचनाची वेगळी तपासणी वर्षभराने करू, आज अध्ययन अक्षमता आहे किंवा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही.

अहवाल शाळेत दिला. मुख्याध्यापकांनी चाळला, "बघू" म्हणाले. वर्गशिक्षिकांनी मात्र घरी नेऊन वाचला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "त्याला अहिराणी येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझं माहेर साक्रीचं आहे." आम्ही माध्यम बदलायचं ठरवतोय, जूनपासून मराठी. सासरे खूश, नवरा अजून तयार नाही.

जळगावची_आई
वाचून डोळे भरले. माध्यम बदलताना पहिले तीन-चार महिने तो मागे पडल्यासारखा वाटेल. आमच्या भाच्याचं तसंच झालं होतं, आधीच सांगून ठेवते.

मनोमापन_धुळे
फार बरं वाटलं. एकच: हीच चाचणी निदान वर्षभर परत करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. सरावाने कृतीचे गुण उगाच वाढतात. आणि तिसरी सूचना गळते हे सासू-सासऱ्यांनाही सांगा. "तीनदा सांगितलं तरी ऐकत नाही" असं घरात ऐकायला मिळत असणार.

चोपडेकरीण
ऐकायला मिळतं, आणि सगळ्यात जास्त माझ्याच तोंडून. आता दुकानात पाठवताना चिठ्ठी देते.

निवृत्त_गुरुजी
ताई, माझ्याकडे तीस-बत्तीस अहिराणी गोष्टी आहेत, वर्गात मुलांकडूनच ऐकून मी वहीत उतरवलेल्या. मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून काढतो, एका पानावर एक. वाचायला सुरुवात त्यातून करू द्या, मग पाठ्यपुस्तकाकडे वळा. पत्ता व्यनि करा. पहिल्या दहा या आठवड्यात पाठवतो, बाकीच्या हात चालेल तशा.